छोट्या आर्ट्स कॉलेजात एफवायला आलाय? मग सुरुवात अशी करा

कटऑफ लागतात, मोठ्या नावाचं कॉलेज थोडक्यात हुकतं आणि मग बरेच जण तोंड पाडून एखाद्या छोट्या आर्ट्स कॉलेजात येतात, जिथे एकच बिल्डिंग, एक कॅन्टीन, ग्राउंड म्हणजे पार्किंगच, आणि टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, एखाद्या विषयाच्या अख्ख्या वर्गात दहा-बारा टाळकी. घरी मामा-काका विचारतातच, आर्ट्स घेऊन पुढे काय. त्यांना पटवायच्या भानगडीत आत्ता पडू नका.

कारण छोट्या कॉलेजात एक गोष्ट मिळते जी मोठ्या कॉलेजात भांडून पण मिळत नाही, ती म्हणजे इथे रांग नसते. मोठ्या कॉलेजात कॅमेऱ्याला हात लावायचा तर आधी क्लबमध्ये सिलेक्शन, मग वर्षभर सिनियरची बॅग उचलणं, आणि इथे तोच कॅमेरा मास मीडियाच्या नाहीतर मराठी विभागाच्या कपाटात धूळ खात असतो, चावी कुणाकडे आहे ते फक्त शोधायचं आणि जाऊन मागायची. मागणारेच कमी असतात. म्हणून खाली जे काय लिहिलंय त्यातलं बरंचसं कुठे, कधी आणि कसं मागायचं याबद्दलच आहे.

पहिला आठवडा: ऑफिसची कामं

ही कंटाळवाणी आहेत पण आधी उरका. आयकार्ड, लायब्ररी कार्ड, रेल्वे कन्सेशनचा फॉर्म (विंडोची वेळ ठरलेली असते आणि महिन्याच्या सुरुवातीला गर्दी होते, फॉर्मवरची मुदत बघून पास लगेच काढा), आणि एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी. हा आयडी डिजिलॉकरवरून निघतो, तुमचे सगळे क्रेडिट त्यात जमा होतात, त्यामुळे आधार आणि बारावीच्या मार्कशीटवर नाव एकसारखं आहे ना ते आत्ताच तपासा. आईचं नाव, आडनाव आधी की नंतर, स्पेलिंगमधला एखादा जास्तीचा ए, असल्या गोष्टींवरून टीवायला पोरं खेटे घालताना दिसतात.

आणि ऑफिसातल्या, लायब्ररीतल्या मामा-मावशींशी नीट बोला. हॉलची वेळ, प्रोजेक्टरची केबल, रविवारी गेट उघडणं, प्रिन्सिपल सरांची सही आज मिळेल की उद्या, हे सगळं त्यांना माहीत असतं. नुसतं काम असेल तेव्हाच हाक मारणारी पोरं त्यांना बरोब्बर ओळखू येतात.

विषय निवडताना

नव्या शैक्षणिक धोरणामुळे, म्हणजे २०२० चं एनईपी, एफवायच्या पोरांना आता मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय), ओपन इलेक्टिव्ह, स्किल कोर्स असं बरंच काय काय असतं आणि पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. हिशोब सोपा आहे, थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकल किंवा फिल्डचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे हाताने करायच्या कामाला वेळ दुप्पट लागतो, हे टाइमटेबल बघताना लक्षात ठेवा, विशेषतः जे कर्जत-कसाऱ्याहून नाहीतर विरारहून येतात त्यांनी.

मायनर निवडताना 'स्कोअरिंग कुठला' हा प्रश्न सगळेच विचारतात, विचारा तुम्हीही, पण त्याबरोबर हेही विचारा की मेजरला तो काय कामाचा. इतिहासवाल्याने भूगोल घेतला तर नकाशा वाचता येतो, सायकॉलॉजीवालीने समाजशास्त्र घेतलं तर सर्व्हेचा फॉर्म बनवता येतो, मराठीवाल्याला राज्यशास्त्र असलं की पुढे पत्रकारितेत गेला तर बजेटची बातमी वाचून घाम फुटत नाही. ओपन इलेक्टिव्ह तर मुद्दाम लांबचा घ्या. लिबरल आर्ट्स लिबरल आर्ट्स म्हणून लाखो रुपये फी घेणाऱ्या प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या जे विकतात ते मुळात हेच आहे, दोन-तीन लांबचे विषय एकत्र शिकणं आणि लहान वर्गात बसून बोलणं, आणि तुमच्या कॉलेजात ते युनिव्हर्सिटीच्या फीमध्ये होऊ शकतं, फक्त चकचकीत ब्रोशर नसतं.

चौथ्या वर्षाचं रिसर्चवालं ऑनर्स करायचं मनात असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, म्हणजे एफवायपासूनच. 'एफवायचं कोण बघतं' असं सांगणाऱ्या सिनियरला हात जोडा.

स्टाफरूमचं दार

वर्गात तीस जण असतील आणि त्यातले बारा रोज येत असतील तर सर-मॅडमना तुमचं नाव महिन्याभरात कळतं, हे चांगलंही आहे आणि वाईटही, कारण बंक मारलात की तेही कळतं. पण फायदा घ्यायचा असेल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. 'सर, मला काहीतरी करायचंय, सांगा ना' असं म्हणालात तर सर म्हणणार, 'अरे वा, छान, वाचत राहा', आणि विषय संपला. त्यापेक्षा अर्धं पान लिहून न्या, कितीही वेडंवाकडं, की मला आमच्या कोळीवाड्यातल्या मासळी बाजाराबद्दल लिहायचंय, मी दोघींशी बोललेय, पुढे काय विचारू. मग बघा, पेन निघतं, पुस्तकाचं नाव निघतं, कुणाचा तरी फोन नंबर निघतो.

आणि मराठी मीडियमवाल्यांनी इंग्रजीचं टेन्शन घेऊन मागच्या बाकावर बसू नका. मुंबई युनिव्हर्सिटीत आर्ट्सच्या बऱ्याच विषयांचे पेपर मराठीतून लिहिता येतात. लेक्चर इंग्रजीत झालं तर शंका मराठीत विचारा, छोट्या वर्गात कुणी हसत नाही, आणि हसलंच तर शेवटच्या बाकापर्यंत ओळखीचेच चेहरे असतात. इंग्रजी वाचायची सवय मात्र लावाच, रोज दोन पानं, डिक्शनरी मोबाइलमध्ये आहेच.

एक काम धरा, आणि ते हाताने करायचं असू दे

एफवायची पोरं जुलैत सगळीकडे नाव देतात, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), नाटक, डिबेट, मॅगझिन, ट्रेकिंग, आणि सप्टेंबरपर्यंत कुठेच नसतात. एक धरा, फार तर दोन.

माझं मत विचाराल तर नाटक. ॲक्टिंगबद्दल बोलत नाहीये मी, बॅकस्टेज. मुंबईत एकांकिका स्पर्धांचा सीझन पावसाळ्यात सुरू होतो तो जानेवारीपर्यंत चालतो, आयएनटीची स्पर्धा, युनिव्हर्सिटीचा युथ फेस्टिव्हल, आणि २५ जानेवारीच्या रात्री जागून बघायची ती चतुरंग संस्थेची सवाई एकांकिका स्पर्धा. स्टेजवर सहा जण दिसतात, मागे वीस जण राबतात, आणि छोट्या कॉलेजात ते वीस जण कधीच पुरत नाहीत, म्हणून पहिल्याच वर्षी तुमच्या हातात खरं काम येतं.

काम म्हणजे कसं, ते बघा. नाटकात एक खोली आहे, दार आहे, खिडकी आहे, आणि हे सगळं टेम्पोत मावलं पाहिजे, टेम्पोतून यशवंत नाट्यमंदिरच्या मागच्या दाराने आत गेलं पाहिजे, आणि स्पर्धेच्या नियमाने मोजक्या मिनिटांत उभं राहून तेवढ्याच वेळात निघालं पण पाहिजे. मग तालमीच्या हॉलमध्ये खडूने स्टेजचं माप आखायचं, कुठला फ्लॅट (म्हणजे सेटची भिंत म्हणून उभी करायची चौकट) कोण उचलणार ते ठरवायचं, कुठला खिळा आधी, कुठली सुतळी नंतर, हे घड्याळ लावून परत परत करायचं. अंधारात दार कुठे ठेवायचं ते कळावं म्हणून जमिनीवर चमकणाऱ्या टेपचे बारीक तुकडे लावतात, ते लावणारी जी मुलगी असते ना, तिला अख्ख्या नाटकाचा प्रत्येक प्रवेश पाठ असतो, कोण कधी कुठून येतो, कुणाच्या हातात कप आहे, कुणाच्या नाही. लाइट ऑपरेट करणाऱ्याला डायलॉगच्या आधीचा श्वास ऐकावा लागतो. आणि हिशोब ठेवणाऱ्याला टेम्पो, चहा, वडापाव, भाड्याचा सोफा याची बिलं सांभाळावी लागतात, नाहीतर कॉलेज पैसे देत नाही. बजेट, वेळ, माणसं सांभाळणं, हे मॅनेजमेंटच्या पुस्तकात वाचायला लागतं ते इथे रात्री साडेदहाला टेम्पोवाल्याशी भांडताना शिकून होतं.

नाटक नको असेल तर एनएसएस आहे. १९६९ पासून चालू असलेली योजना, दोन वर्षांत २४० तास आणि एका खेड्यात सात दिवसांचा कॅम्प. कॅम्पचं बरंचसं यश प्रोग्राम ऑफिसर कोण आहे त्यावर असतं हे खरंय, काही ठिकाणी नुसतं झाडू हातात घेऊन फोटो काढणं चालतं. तुमच्याकडे तसं असेल तर दुसरं काही बघा, तास भरायला आयुष्य वाया घालवू नका. चांगलं युनिट असेल तर मात्र बंधारा बांधताना दगड कसा बसवतात इथपासून ते ग्रामसभेत बायका का बोलत नाहीत इथपर्यंत बरंच दिसतं.

मॅगझिन किंवा भित्तीपत्रक हाही मस्त पर्याय, लाजाळू लोकांसाठी तर खासच. प्रूफ वाचणं, प्रेसवाल्याकडून कोटेशन आणणं, एखाद्या प्राध्यापकांची लांबलचक कविता त्यांना न दुखावता अर्धी करणं. ही शेवटची कला पुढे ऑफिसात रोज लागते.

फिल्ड प्रोजेक्ट: विषय छोटा, घराजवळचा

साधारण दुसऱ्या वर्षात फिल्ड प्रोजेक्ट आणि समाजातलं काम येतं, कॉलेजनुसार थोडं पुढेमागे. बहुतेक जण 'मुंबईतील वाहतूक समस्या' असले विषय घेतात आणि नेटवरून वीस पानं उचलतात. असं नका करू. विषय इतका छोटा घ्या की चालत जाऊन येता येईल. तुमच्या स्टेशनबाहेरचे फेरीवाले सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळे का असतात. तुमच्या वॉर्डातल्या सार्वजनिक शौचालयात बायकांकडून पैसे घेतात का. चाळीचा टॉवर झाला तेव्हा ओटा गेला, मग म्हातारी माणसं आता बसतात कुठे.

समजा गिरणगावावर करायचंय, लालबाग-परळला राहणाऱ्यांना सोपंच आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, हे पुस्तकात आहेच, ते विचारायला जाऊ नका. आजोबांसमोर बसून 'संपाबद्दल तुम्हाला काय वाटतं' विचारलंत तर ते भाषण करतील, कारण आजवर शंभर जणांनी हाच प्रश्न विचारलाय. त्यापेक्षा विचारा, पहिल्या पाळीला घरातून किती वाजता निघायचात, डबा कोण भरायचं, बदलीवर (म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी) होतात तेव्हा सकाळी गेटवर उभं राहून काम नाही मिळालं तर दिवसभर काय करायचात. गिरणीतले साचे म्हणजे काय ते त्यांनाच हाताने दाखवायला सांगा. मग ते खुर्चीतून उठतात, तुटलेला धागा कसा जोडायचा ते हवेत बोटांनी करून दाखवतात, आणि आतून आजी ओरडतात की अहो तेव्हा खानावळीचे पैसे मी द्यायचे ते पण सांगा. इथे तुमचा खरा प्रोजेक्ट सुरू होतो, आजींपासून.

तांत्रिक गोष्टी. रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा आणि परवानगीचं वाक्य रेकॉर्डिंगमध्येच घ्या. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा शक्य असेल तर बंद, फोन उशीवर नाही तर टेबलावर त्यांच्या बाजूला. सुरुवातीला तारीख आणि जागा स्वतः बोला. घरी आलात की त्याच रात्री फाइल दुसरीकडे कॉपी करा आणि उतरवून काढायला घ्या, तासाभराच्या गप्पा शब्द न् शब्द उतरवायला चार-पाच तास सहज जातात, त्यामुळे पाचच माणसं घ्या पण नीट घ्या. त्यांची भाषा सुधारू नका. मालवणी असेल तर मालवणी, घाटी असेल तर घाटी.

सरकारी आकडा हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकायला शिका, २००५ चा कायदा, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून प्रश्न नेमका करावा लागतो. 'स्वच्छतेबद्दल माहिती द्या' याला काही अर्थ नाही, 'अमुक वॉर्डात अमुक वर्षात सार्वजनिक शौचालयांच्या दुरुस्तीवर झालेला खर्च, शौचालयनिहाय' असं विचारा. प्रोजेक्ट जमा करायच्या दोन महिने आधी टाका, तीस दिवस हे कागदावरचे तीस दिवस असतात.

पास काढलाय ना, मग वापरा

छोट्या कॉलेजची लायब्ररी छोटीच असणार. पण दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ चं, तिथल्या संदर्भ विभागात जुनी मराठी मासिकं बघायला मिळतात आणि ती बघताना जाहिराती पण वाचा, लेखांइतक्याच कामाच्या असतात. फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीची लायब्ररी, सोसायटीची सुरुवात १८०४ ची आणि इमारत १८३३ ला पूर्ण झाली, पायऱ्यांवर रील काढणारे खूप असतात, आत जाणारे कमी. पुराभिलेखागार म्हणजे सरकारी जुनी दफ्तरं, हा विभाग १८२१ पासूनचा, तिथे जाताना कॉलेजचं पत्र आणि आयकार्ड घेऊन जा. मोडीची तोंडओळख असेल तर सोनं, बऱ्याच ठिकाणी मोडीचे छोटे वर्ग चालतात, एका सुट्टीत अक्षरं लागायला लागतात.

म्युझियम म्हणजे फक्त शाळेची सहल नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाडमध्ये जुन्या मुंबईतल्या जातीजमाती आणि धंद्यांचे मातीचे छोटे पुतळे आहेत, एकाच कपाटासमोर तासभर उभं राहून कुणाची पगडी कशी, कुणाच्या पायात काय, आणि बनवणाऱ्याने कुणाला कसं दाखवलंय हे वहीत उतरवलंत तर समाजशास्त्राची अर्धी असाइनमेंट तिथेच होते. बुधवारी बंद असतं. कान्हेरीला ग्रुपने जा, सोमवार सोडून, लेण्यांमधल्या ब्राह्मी लेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत, आणि आपण रोज ज्या कल्याण लोकलमध्ये लटकतो त्या कल्याणचं नाव तिथे दगडात बघून जरा वेगळंच वाटतं.

यासाठी कॉलेजने स्टडी टूर काढायची वाट बघू नका. चार जण मिळून मॅडमना विचारा, शनिवारी येता का. बऱ्याचदा येतात.

ओजेटी

शेवटच्या सेमिस्टरकडे ऑन द जॉब ट्रेनिंग येतं, साधारण ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. आर्ट्सवाल्यांची इथे पंचाईत होते कारण कॉमर्सवाल्यांना सीएचं ऑफिस तरी असतं. काकांच्या ऑफिसातून नुसतं सर्टिफिकेट आणणं हा राजमार्ग सगळ्यांना माहीत आहे, तो घेतलात तर १२० तास वाचतात आणि हातात एक कागद राहतो.

त्यापेक्षा एसवायच्या दिवाळीपासून यादी करा. म्युझियम, प्रकाशन संस्था, छोटी वर्तमानपत्रं, संस्था-संघटनांची ऑफिसं, शाळेतले समुपदेशक, अनुवादाची कामं करणारे, सबटायटल करणारी स्टुडिओवाली मंडळी, वॉर्ड ऑफिस. ईमेल पाच ओळींचा, त्यात तुम्ही काय केलंय ते एक वाक्य आणि लिंक, कधीपासून कधीपर्यंत मोकळे आहात ते एक वाक्य, आणि कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र जोडलेलं. आठवड्याने फोन करा. ईमेलला उत्तर नाही म्हणजे नकार असं नसतं, बहुतेक वेळा कुणी उघडलेलाच नसतो.

काम सुरू झालं की रोज चार ओळींची नोंद लिहा, काय केलं, काय जमलं नाही, कुणी काय सांगितलं. पहिला आठवडा झेरॉक्स आणि चहा सांगणं यातच गेला तर गप्प बसू नका, दुसऱ्या सोमवारी ज्यांच्या हाताखाली आहात त्यांना सांगा की मॅडम, मी कॅटलॉगच्या नोंदी तपासू का, मला मराठी टायपिंग येतं. मराठी युनिकोड टायपिंग खरंच शिकून घ्या हां, मुंबईत मराठी पदवीधर खूप आहेत, पण शुद्ध आणि भराभर मराठी टाइप करून देणारं माणूस शोधताना लोक थकतात.

जाताना लहानसं पत्र मागा, त्यात तुम्ही नेमकं काय केलं ते लिहिलेलं हवं, 'मेहनती आणि प्रामाणिक' एवढंच असेल तर नम्रपणे दोन ओळी वाढवून घ्या. आणि या सगळ्याची, म्हणजे नाटकाचं बजेट, मॅगझिनचा अंक, मुलाखतीचं टंकलिखित, माहिती अधिकाराचं उत्तर, यांची एक फाइल गुगल ड्राइव्हवर कॉलेजच्या ईमेलवर नाही तर स्वतःच्या ईमेलवर ठेवा, कारण पास झालात की कॉलेजचा ईमेल कधी बंद होईल सांगता येत नाही.